निबेचे निर्लेखन

लेखनसाहित्यातील बहुतेक वस्तूंचा शेवट चारचौघांच्या देखत होतो. शाई संपली की बाटलीचा तळ दिसतो, कागद फाटला की आवाज होतो, आणि दऊत लवंडली की सतरंजी, धोतर आणि शेजाऱ्याचे दप्तर असे तिघेही साक्षीला उभे राहतात. निबेचा शेवट मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. ती रोज थोडी थोडी मरते आणि मेल्यानंतरही बरेच दिवस कामावर हजर असते. सुलेखनाची निब, म्हणजे टाकाच्या किंवा पेनाच्या टोकाला बसवलेली, मध्ये शाई उतरण्यापुरती चीर असलेली आणि टोकाशी सपाट कापलेली धातूची पट्टी, नेमकी केव्हा बदलावी हा प्रश्न त्यामुळे दिसतो तेवढा किरकोळ नाही. परभणी जिल्ह्यात तर त्याला इतिहास, हवामान, लेखापरीक्षण आणि स्वभाव अशी चार अंगे आहेत, आणि त्यांपैकी स्वभाव हे अंग सर्वांत टणक आहे.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण जिल्ह्याबाहेरचे लोक खवचटपणे आणि जिल्ह्यातले लोक अभिमानाने सांगतात. तिचा भावार्थ असा की एखादे काम जमले तर उत्तम, न जमले तर परभणी कुठे पळून गेली आहे. या तत्त्वज्ञानात माणूस सुखी राहतो, पण निब बदलली जात नाही. झिजलेली निब हातात धरणारा मनुष्य प्रत्येक सकाळी तिला नवी संधी देतो; ती दोन अक्षरे बरी काढते, तिसऱ्या अक्षराला कागदाचा तंतू उचलते, चौथ्याला शाईचा थेंब टाकते, आणि तरीही दुपारपर्यंत तिच्यावरचा विश्वास शाबूत असतो, कारण ती ‘काल तर चांगली चालत होती’.

अक्षर बिघडू लागले की जी चौकशी सुरू होते तिचा क्रम जवळपास ठरलेला आढळतो. पहिला आरोप कागदावर ठेवला जातो. तो हल्ली पूर्वीसारखा येत नाही, असे पूर्वीही म्हटले जात असे. त्यानंतर शाईला बोलावले जाते, आणि ती पातळ असल्याचे किंवा घट्ट असल्याचे, प्रसंगी एकाच बैठकीत दोन्ही असल्याचे, सिद्ध होते. मग हवेतील उष्मा, टेबलाचा डुगडुगणारा पाय आणि खिडकीतून चुकीच्या बाजूने येणारा उजेड यांच्या साक्षी होतात. एवढ्याने निकाल लागला नाही तर लिहिणारा आपल्या वयाचा दाखला देऊन ‘आता हात पूर्वीचा राहिला नाही’ अशी कबुलीही देऊन टाकतो. चार-दोन रुपयांच्या पत्र्यावर संशय घेण्यापेक्षा स्वतःचे म्हातारपण मान्य करणे माणसाला सोपे का जाते, याचा विचार मानसशास्त्रज्ञांनी करावयास हवा.

शाळेत हाच खटला थोड्या वेगळ्या रीतीने चालतो, कारण तिथे आरोपी म्हणून विद्यार्थी आयताच उपलब्ध असतो. राज्याच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात आणि त्यांत भूमितीच्या जोडीला अक्षरलेखनही असते. त्या निमित्ताने जिल्ह्यातील कित्येक मुलांच्या हातात कटनिब, म्हणजे टोक सपाट छाटलेली निब, पहिल्यांदा येते. या परीक्षेचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जाऊ लागल्यापासून पालकांमध्ये कलेविषयी जो एकाएकी जिव्हाळा उत्पन्न झाला, त्याचा लाभ दुकानदारांना झाला. निबांना झालाच असे म्हणता येत नाही. वर्गात एखादा मुलगा उभा राहून सांगतो, “सर, निब फाकली की.” त्यावर उत्तर येते, “फाकली न्हाई, तूच लई दाबायलास.” या दोन वाक्यांत विषयाचे निम्मे शास्त्र सामावले आहे. निब फाकणे म्हणजे चिरेच्या दोन बाजूंची टोके एकमेकांपासून कायमची दूर जाणे. ती दाबल्यामुळे फाकते हे सरांचे म्हणणे खरे, आणि एकदा फाकली की न दाबताही फाकलेलीच राहते हे मुलाचे म्हणणेही खरे. पण पहिले विधान वयाने मोठ्या माणसाने केलेले असल्यामुळे दुसऱ्याचा विचार पुढच्या सत्रावर ढकलला जातो.

जुन्या लेखकांची या बाबतीत सोय होती. त्यांचे मुख्य साधन बरू, म्हणजे बोरूच्या नावाने प्रसिद्ध असलेली वेताएवढी टणक आणि आतून पोकळ काडी. ती चाकूने तिरपी छाटायची, टोकाला चीर द्यायची, आणि एका झटक्यात सपाट काप घ्यायचा, की लेखणी तयार. झिजली की पुन्हा कापायची. त्यामुळे बरूला अवचित मरण नव्हते. तो प्रत्येक कापागणिक आखूड होत जाई आणि शेवटी चिमटीत मावेनासा झाला की मालकाला त्याचे वय डोळ्यांनी दिसे. पोलादी निबेने ही दृष्टीची सोय काढून घेतली. ती पहिल्या दिवशी जेवढी लांब असते तेवढीच शेवटच्या दिवशीही दिसते.

शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब हे ज्यांचे जन्मगाव, त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षराचा वाटोळेपणा, ओळींमधील अंतर, कागदाच्या कडेला सोडायची मोकळी जागा, शाईचा काळेपणा, देशोदेशीचे घट्ट आणि सरळ बरू आणण्याची शिफारस आणि टाक कापण्याचे प्रकार इतक्या बारकाईने यावेत, हे ज्यांना आश्चर्याचे वाटते त्यांनी हाताने पोथी उतरवून पाहिलेली नसते. त्या समासात एक अपेक्षा अशी आहे की ग्रंथाचे पहिले अक्षर पाहावे आणि शेवटचे पाहावे, तो सगळा एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा. आता दासबोधाच्याच ओव्या साडेसात हजारांवर आहेत आणि तेवढे लिहिताना एका कापावर बरू टिकणे शक्य नाही. तेव्हा एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसण्याचा उपाय एकच उरतो: टाक पुन्हा पुन्हा कापणे, आणि तोही बिघाड वाचणाऱ्याला दिसण्याच्या आधी. निब केव्हा बदलावी याची याहून नेमकी कसोटी सतराव्या शतकानंतर कोणी दिली असेल असे वाटत नाही. लोकांनी मात्र अपेक्षेचा पूर्वार्ध तेवढा उचलला आणि खरोखरच एका टाकाने सगळे लिहावयास घेतले.

निजामी राजवटीत मराठवाड्याचा कारभार उर्दूत चाले, गावपातळीवर मोडीही वावरत असे, आणि घरी पत्रे बाळबोधीत लिहिली जात. परभणीत सरकारी बांधकाम खात्यात कारकुनी करून कविता आणि कादंबऱ्या लिहिणारे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांच्या पिढीला एक लिपी उजवीकडून डावीकडे आणि दुसरी डावीकडून उजवीकडे, अशी दोन तोंडांची वाहतूक एका मनगटातून सांभाळावी लागे. लिपी बदलली की टोकाच्या कापाचा तिरपेपणाही बदलतो. त्यामुळे एकाच लेखणीने दोन्ही लिप्या लिहू पाहणाऱ्याचे एक अक्षर तरी हमखास नाराज राहते.

उर्दूच्या नस्तालीक वळणात एक युक्ती आहे, आणि तिने झिजलेल्या लेखणीला चांगलाच आश्रय दिला असावा. तिथे अक्षराची उंची, रुंदी, झोक हे सगळे नुक्त्याने मोजतात. नुक्ता म्हणजे त्याच लेखणीने कागदावर टेकवून काढलेला चौकोनी ठिपका. अमुक अक्षर इतके नुक्ते उंच, तमुक इतके नुक्ते लांब, असा हिशेब. सपाट निबेच्या इतर सुलेखनातही अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या पटीत धरतात, तत्त्व तेच. यातली मेख अशी की लेखणी झिजून पसरली की नुक्ताही मोठा होतो, आणि नुक्ता मोठा झाला की त्याने मोजलेले अक्षर मोठे होऊनही मापात बरोबर भरते. मोजणारे आणि मोजले जाणारे दोघे मिळून बिघडले की तक्रार करण्यास कोणी उरत नाही. वृत्तपत्रांची पाने संगणक येईपर्यंत हाताने लिहिणारे कातिब, म्हणजे उर्दूचे व्यावसायिक लेखनिक, म्हणूनच डोळ्यापेक्षा ओळीवर विश्वास ठेवत: ठरलेल्या रकान्यात ठरलेला मजकूर मावेनासा झाला की बरू कापायची वेळ झाली.

हे सगळे केवळ सौंदर्यशास्त्र नाही, याचा प्रत्यय मराठवाड्याला २०२३ मध्ये आला. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जुनी दप्तरे बाहेर निघाली, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एरवी कधी न मिळणारी मागणी आली. अशा दप्तरासमोर बसल्यावर कळते की वाचनाची अडचण लिपीची असते त्याहून अधिक लेखणीची असते. कोण्या पटवाऱ्याने जेवणानंतरच्या सुस्तीत बरू न कापता रेटून नेलेली एक ओळ तीन पिढ्यांनंतर भिंगाखाली येते, आणि तिच्यातील एका गाठीत शाई भरली आहे की मुळातच अक्षर वेगळे आहे, यावर दोन जाणकारांची तीन मते पडतात.

जुन्या कागदाने लेखणीला पुष्कळ सांभाळले, हेही नमूद केले पाहिजे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा तुघलकाच्या काळापासून सांगितली जाते. अशा हातकागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटत, त्यामुळे तंतू दबलेले राहत आणि टोक अडखळत नसे. आजच्या कारखानी कागदात पांढरेपणासाठी खडू आणि चिनी माती यांची पूड भरलेली असते, आणि प्रमाणपत्रांसाठी आवडीने निवडला जाणारा चकचकीत कागद तर तिचा लेपच अंगावर घेऊन येतो. बोटाला तो लोण्यासारखा लागतो. निबेच्या दृष्टीने ती अतिशय बारीक कानस असते.

पोलादी निबेचे माहेर इंग्लंडातील बर्मिंगहॅम. १८२० च्या दशकात तिथे यंत्राने निबा पाडण्यास सुरुवात झाली आणि जोसेफ गिलट, जोसाया मेसन यांच्यासारख्या कारखानदारांनी जगभरच्या कचेऱ्यांना निब इतकी स्वस्त करून दिली की ती टाकून देणे परवडावे. टाकून देणे परवडावे म्हणून केलेली वस्तू जपून ठेवण्याचा मान मात्र आपल्याकडच्या लोकांनी मिळवला. जर्मनीचा वाटाही लहान नाही. बॉनच्या फ्रीडरिश झ्योनेकन याने रुंद टोकाच्या निबेने लिहिण्याचे एक गोलसर वळण लोकप्रिय केले आणि त्यासाठी लागणाऱ्या निबाही विकल्या. याच गृहस्थाने १८८६ मध्ये कागदाला भोके पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, ज्याचे ऋण प्रत्येक तहसील कचेरी आजही दररोज फेडते आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या घोषणेला इतका भक्कम पुरावा आजवर कोणी जोडलेला नाही. त्या देशाचे नाव अनेक स्वस्त पेनांच्या निबेवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असे कोरलेले आढळते. इरिडियम हा अत्यंत कठीण आणि महाग धातू. निबेच्या टोकाला त्याच्यासारख्या धातूचा मणी जोडला की टोक वर्षानुवर्षे झिजत नाही. मात्र असे कोरलेल्या पुष्कळशा निबांचा संबंध इरिडियमशीही नसतो आणि जर्मनीशीही नसतो, आणि ‘पॉइंट’ हा एकच शब्द काही काळ खरा असतो.

आता प्रत्यक्ष लक्षणांकडे वळावयास हरकत नाही. नवी कटनिब भिंगाखाली धरली तर तिची कड सरळ आणि दोन्ही कोपरे टोकदार दिसतात. लिहिणारा ज्या बाजूला भार देतो तो कोपरा आधी गोल होतो, मग कड त्या बाजूला उतरती होते, आणि ती उतरती झाली की पत्र्याची जाडीही कागदाला टेकू लागते. याचा परिणाम जाड रेघेवर फारसा दिसत नाही, म्हणून लोक फसतात. तो दिसतो बारीक रेघेवर. सपाट निबेची सगळी करामत एकाच कोनात धरलेल्या टोकातून जाड आणि बारीक अशा दोन रेघा निघण्यात आहे. जाड रेघ जेवढी होती तेवढीच राहते आणि बारीक रेघ हळूहळू बाळसे धरते. दोहोंतील तफावत कमी झाली की अक्षर सुजल्यासारखे दिसते. उभा दंड वरून खाली ओढला असता त्याची एक कड स्वच्छ आणि दुसरी कुरतडल्यासारखी निघणे, ही त्याच्या पुढची पायरी. निब फाकलेली असेल तर दंडाच्या दोन्ही कडा उमटतात आणि मधली जागा कोरी राहते, जणू परभणी–मनमाड लोहमार्गच कागदावर आखून दिला.

देवनागरीत या सुजेचा पहिला बळी शिरोरेषेतील फट असते. ध आणि घ, भ आणि म या जोड्यांमध्ये मोठा फरक हा की पहिल्या अक्षराच्या डोक्यावरची रेषा थोडी तुटलेली असते. निब जाड झाली की ती फट शाईने बुजते आणि अक्षर जात बदलते. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री दोनशे प्रमाणपत्रांवर नावे घालण्याचे काम ज्या सुवाच्य हस्ताक्षराच्या गुरुजींकडे परंपरेने येते, त्यांच्या निबेने साथ सोडली की त्या रात्री धनश्रीची घनश्री होते आणि धोंडिरामाचा घोंडिराम. ब च्या पोटातली तिरपी रेघ भरून आली की बबन आणि वबन यांच्यातील अंतर पालकांच्या समजूतदारपणावर सोडावे लागते. सकाळी मुख्याध्यापक ती चळत पाहतात, दोन प्रमाणपत्रे उजेडात धरतात, आणि ‘अक्षर वळणदार आहे’ एवढाच शेरा देतात, कारण नवी प्रमाणपत्रे छापून घेण्याची तरतूद नसते.

परीक्षणासाठी कोणता शब्द लिहून पाहावा यावर निरनिराळी मते असू शकतात, पण जिल्ह्याचे नावच या कामी उत्तम ठरते. ‘परभणी’ या शब्दात प चे पोट आहे, र चा तिरका पाय आहे, भ ची गाठ आणि डोक्यावरची फट आहे, ण चे दोन समांतर दंड आहेत आणि दीर्घ ईकाराची वरून वळत जाणारी कमान आहे. कमान एकाच दमात बारीकपासून जाड होत उतरली, ण च्या दोन दंडांमधला पांढरा पट्टा शाबूत राहिला आणि भ ची फट उघडी राहिली, तर निब सेवेत ठेवण्यास योग्य समजावी. ‘परमणी’ उमटू लागली की निब सेवानिवृत्त करावी. मुदतवाढीचा अर्ज स्वीकारू नये.

तथापि घाईने मृत्यूचा दाखला देणेही इष्ट नाही. काही निबा मेलेल्या नसतात, केवळ आंघोळ न केलेल्या असतात. सुलेखनाच्या काळ्या शाईत बहुधा लाख किंवा डिंक असतो. तो चिरेत वाळला की शाई उतरत नाही आणि निब संपल्याचा भास होतो. कोमट पाण्यात काही वेळ भिजवून जुन्या दातघासणीने तिचे टोक घासले की ती पुन्हा उठून बसते. याच्या उलट प्रकार नव्या निबेचा. कारखान्यातून निघताना गंज चढू नये म्हणून तिला तेलाचा किंवा रोगणाचा पातळ हात दिलेला असतो. त्यावर शाई अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होते, आणि ‘यापेक्षा जुनीच बरी होती’ असे म्हणून ग्राहक जुनीकडे परततो. जुने लोक नवी निब वापरण्याआधी जिभेवर ठेवत, त्याचे कारण इथे आहे. ती रीत आरोग्यदायी नसली तरी अंधश्रद्धा नव्हती.

हवामानाची साक्षही पूर्णपणे फेटाळता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्या दौतीतील पाणी उडून शाई काकवीसारखी होते, काळ्या जमिनीची बारीक धूळ तिच्यात मुरते, आणि त्या मिश्रणात बुडवलेली नवी निबसुद्धा म्हातारीसारखी चालते. उन्हाळ्यात म्हणून निबेवर निकाल देण्याआधी ताजी शाई घेऊन पाहावी. लोह आणि मायफळ यांपासून केलेली जुन्या पद्धतीची शाई आम्लधर्मी असल्यामुळे ती पोलाद खाते. अशा शाईत बुडालेली निब रात्रभर न पुसता ठेवली की सकाळी टोकावर तांबूस गंज दिसतो. गंज आतून पोखरतो, वरून घासून त्याचे समाधान होत नाही.

घासण्याचा मात्र आपल्याकडे मोठा व्यासंग आहे. मराठवाड्यातील घराघरांत पसरलेली शहाबादी फरशी ही या भागातील निबांची सार्वजनिक शस्त्रक्रियाशाळा होय. शाळकरी वयातील प्रत्येक पिढीने आपली खरखरणारी निब तिच्यावर आठाच्या आकड्यात फिरवली आहे आणि अर्ध्या ब्लेडने तिची चीर ‘मोकळी’ केली आहे. यातून क्वचित गुण येतो. कटनिबेची उतरलेली कड अगदी बारीक पाणकागदावर, म्हणजे पाणी लावून वापरायच्या पॉलिशकागदावर, सपाट करता येते हे खरे, परंतु तसे केल्यावर निब आणखी जाड होते आणि कोन बदलतो. चिरेत ब्लेड घातले तर शाईला धरबंध राहत नाही. तरीही शस्त्रक्रियेनंतरची पहिली ओळ नेहमीच पूर्वीपेक्षा सुंदर वाटते, कारण ती लिहिताना हात जपून चालत असतो.

आणि हाच या विषयाचा गाभा आहे. झिजलेली निब ओळखण्यास सर्वांत अपात्र असलेला साक्षीदार म्हणजे ती धरणारा हात. टोक डावीकडे उतरले की मनगट नकळत उजवीकडे कलते. चीर कोरडी पडली की वेग आपोआप मंदावतो. एक कोपरा कागद उचलू लागला की हात त्या कोपऱ्याला वरचेवर उचलून धरतो. रोजचा बदल केसभर, म्हणून त्याची वार्ता मेंदूपर्यंत पोचत नाही. टोकावर मणी असलेल्या पेनाच्या बाबतीत तर तो मणी मालकाच्या धरण्याच्या कोनातच झिजून त्याच्या हाताचा साचा होतो. अशा पेनाने मालक लोण्यासारखे लिहितो आणि दुसऱ्याने घेतला की तो कागद फाडतो. ‘पेन दुसऱ्याला देऊ नये’ हा वडीलधाऱ्यांचा नियम या भौतिक कारणावर उभा आहे, जरी तो सांगताना कारण म्हणून सरस्वतीचे नाव पुढे केले जाते. काउंटरला सुतळीने बांधलेल्या सार्वजनिक पेनाचे दुःख याच्या नेमके उलट: त्याला सर्वांनी धरलेले असल्यामुळे तो कोणत्याच कोनात झिजलेला नसतो आणि कोणाच्याच हाती चालत नाही.

घरातील स्त्रियांनी जात्याच्या बाबतीत हा घोळ कधी घातला नाही. जनाबाईंच्या गंगाखेडात काय किंवा सेलू-जिंतुरात काय, पीठ भरड पडू लागले की दगड गुळगुळीत झाला हे पिठानेच सांगितलेले असे, आणि टाकी लावणारी बाई गल्लीत ओरडत आली की जाते बाहेर काढून तिच्यापुढे ठेवले जाई. कोणी ज्वारीला दोष दिला नाही, कोणी आपल्या दंडाची ताकद गेली असे म्हटले नाही. दळणारीचा पुरावा पिठात होता. लिहिणाराही आपला पुरावा कागदावर शोधता, तर बरेच वाद मिटले असते.

उरला प्रश्न प्रशासनाचा, आणि तो सरकारी शाळांपुरता मर्यादित असला तरी रंजक आहे. कार्यालयीन वस्तूंचे साधारण दोन वर्ग असतात: वापरता वापरता संपणाऱ्या त्या उपभोग्य वस्तू, आणि न संपणाऱ्या त्या जडवस्तू, ज्यांची स्वतंत्र नोंदवही असते व ज्या निकामी झाल्यावर रीतसर ठराव करून निर्लेखित कराव्या लागतात. टाकाची दांडी न संपणारी आणि निब संपणारी. पण खरेदीच्या पावतीवर दोन्ही मिळून ‘टाक, नग बारा’ अशी एकच नोंद असते. यातून असा पेच उद्भवतो की निब फेकली तर नग अपुरा भरतो आणि न फेकली तर अक्षर बिघडते. अनुभवी लिपिक यावर असा तोडगा काढतो की निकामी निबा एका पाकिटात घालून, पाकिटावर ‘निकामी निबा’ असे लिहून, ते कपाटात जपून ठेवावे. लेखापरीक्षक आला की पाकीट दाखवले जाते, तो नग मोजतो, बरोबर भरल्यावर समाधान व्यक्त करतो, आणि पाकीट परत कपाटात जाते. पाकिटावरची अक्षरे पाहता ती आतल्यापैकीच एखाद्या निबेने लिहिली असावीत, असा अंदाज बांधता येतो.

जो लिहिणारा निबांविषयी खरोखर गंभीर आहे त्याच्यासाठी व्यवहार्य रीत अशी. नवी निब बसवली की तेल काढून टाकावे, जाड कागदाच्या तुकड्यावर ‘परभणी’ हा शब्द आणि खाली तारीख लिहावी, आणि तो तुकडा दौतीच्या शेजारी ठेवावा. संशय आला की त्याच कागदाच्या दुसऱ्या तुकड्यावर, ताज्या शाईने, धुतलेल्या निबेने तोच शब्द लिहून दोन्ही तुकडे घरातल्या अशा माणसापुढे ठेवावेत ज्याला सुलेखनात काडीचा रस नाही. त्याला फरक दिसला तर निब गेली. रेखाकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या पालकांनी नवी निब परीक्षेच्या सकाळी न देता आठ दिवस आधी द्यावी, म्हणजे हाताला तिची ओळख होते. आणि जुनी निब काढल्यावर, ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून, नव्या निबांच्या डबीत परत टाकू नये. त्या डबीतून पुढच्या वेळी हाताला हमखास तीच लागते.